टाकीकडची पायवाट

१

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. दुपारची जेवणं झाली की अप्पा पुढच्या आडत दुकानात गादीवर आडवे व्हायचे, अव्वा, म्हणजे आई, माजघरात पाठ टेकायची, आणि गुरम्मा आत्या आणि मी मागच्या वखारीत जायचो. आमचं घर गोलाईच्या, म्हणजे गावातल्या गोल बाजारपेठेच्या, पाठीमागे. वखार म्हणजे पत्र्याच्या छताची लांबलचक खोली. एरवी तिथे तूर आणि करडीची पोती आढ्याला टेकलेली असायची. त्या वर्षी दुष्काळ, एकही पोतं नव्हतं. आधी धान्य संपलं, मग उंदीर गेले, मग उंदरांसाठी येणारं मांजरही यायचं थांबलं. उरली नुसती जागा. ती आत्याने मागून घेतली.

त्या जागेत आत्या अमेरिका उभी करत होती.

आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याकडेच राहायची. तिचा मुलगा मल्लिकार्जुन, आमचा मल्लूदादा, तिकडे कॅन्सस नावाच्या मुलखात धान्याच्या कोठारांवर इंजिनियर होता. येतो येतो म्हणायचा, येत नव्हता. आदल्या दिवाळीत त्याने ओळखीच्या एका माणसाबरोबर खोकं पाठवलं. आत खेळण्यातली रेल्वे. रुळांचे तुकडे, लांब नाकाचं डिझेल इंजिन, मालाचे डबे आणि सगळ्यात मागे गार्डचा लाल डबा. सोबत त्याच्या गावाची रंगीत पोस्टकार्डं. घरात पोरंबाळं असतील अशा समजुतीने त्याने ते पाठवलं असणार. घरात लहान कोणीच नव्हतं, हेही तो विसरला होता.

आत्याने रूळ जोडून पाहिले, इंजिन तळहातावर घेऊन त्याचं वजन पाहिलं, आणि म्हणाली, "ह्याच्याभवती गाव पाहिजे. नुसती गाडी जाईल कुठं?"

मी बी.एस्सी. झालेली, फिजिक्स घेऊन. घरातल्या मोठ्या माणसांकडे माझ्या लग्नाखेरीज बोलायला विषय नव्हता. त्या सगळ्यांत कितीतरी महिन्यांनी ऐकलेलं हे पहिलं शहाणं वाक्य. मी तिच्या बाजूने उभी राहिले.

२

गोलाईत कुणाच्याही पोरीचं लग्न ठरलं की रुखवत करायला निरोप आत्याला यायचा. लग्नमंडपात नवरीकडच्यांनी मांडायच्या त्या कलाकुसरीच्या वस्तू आत्यासारख्या कुणाला जमत नसत. साबुदाण्याचा बंगला, लाह्यांचं वृंदावन, काड्यापेटीतल्या काड्यांची बैलगाडी. मी कॉलेजात असताना या सगळ्याला रिकामटेकडेपणा म्हणायचे. ते गाव होताना पाहिलं आणि मी तो शब्द गिळला.

तिने वखारीत लांब टेबल मांडून घेतलं, पोस्टकार्डं भिंतीला लावली आणि नुसत्या नजरेने मापं घेतली. ज्वारीच्या धाटाच्या गाभ्याची घरं केली, धाटाच्याच सालीची कौलं. कागदाचा लगदा मेथीच्या खळीत भिजवून टेकड्या केल्या. लाकडाचा भुसा गेरू आणि चहाच्या पाण्यात रंगवून सुकवला, तो जमीन म्हणून टेबलावर पसरला. रुळाखालची खडी म्हणजे कोळशाच्या पुडीत घोळवलेला रवा. घोसाळ्याच्या वाळक्या जाळीची झाडं. पिवळ्या फळ्यांचं स्टेशन. धान्याची उंच पांढरी कोठी, जिथे मल्लूदादा काम करायचा. रस्ता रूळ ओलांडतो तिथे तिकडे आपल्यासारखं फाटक नसतं, नुसती फुलीची पाटी असते. तीही तिने पोस्टकार्डात पाहून काडीवर लावली.

वायरिंग माझं. ट्रॅक्टर शेतात उभाच होता, त्याची बॅटरी मी काढून आणली. जुन्या रेडिओतलं बटण वापरून वेग कमी-जास्त करायची सोय केली. ज्या दुपारी गाडी पहिल्यांदा टेकडीमागून निघून स्टेशनात आली, त्या दुपारी आत्याने तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत होती, मी विचारलं नाही.

पोस्टकार्डात स्टेशनाजवळ चार खांबांवर उभी असलेली पाण्याची लाकडी टाकी होती. आत्याने ती फोटो स्टुडिओतून आणलेल्या फिल्मच्या डबीची केली, वरून काड्या चिकटवल्या. मग माठातून पळीभर पाणी आणून तीत ओतलं.

"आत्या, ते शोभेचं आहे," मी म्हटलं.

"रुखवतात भांडं रितं मांडत न्हाईत, शिवू. पोरगी रित्या घरात जाईल का?" असं म्हणत ती प्रत्येक घराचं छत उचलून आत चिमूटभर ज्वारी ठेवत होती. हा तिचा नेम होता. बाहुलीच्या संसारातली बोटाएवढी घागरसुद्धा ती भरूनच मांडायची.

३

नळाला पाणी यायचं बंद झालं होतं. टँकर यायचा तो गोलाईच्या तोंडाशी, आणि त्याच्यासाठी अव्वा पहाटेपासून घागरी रांगेत लावायची.

"अक्का, खेळण्याला पाणी घालून राहिलीस?" अप्पा एकदा वखारीच्या दारात येऊन म्हणाले. "गावाला प्यायला न्हाई."

"हेबी गावच हाय," आत्या म्हणाली.

"डोकं फिरलंय ह्या दोघींचं."

"अप्पा, तुम्ही दिवसातून चारदा चूळ भरता," मी म्हटलं. "पळीभर पाण्याचा हिशेब आत्याकडं मागू नका."

ते पाठ फिरवून दुकानात गेले. चूळ भरणं मात्र कमी झालं.

टाकी रोज रिकामी व्हायची. पत्रा तापून वखारीची भट्टी व्हायची, त्यात एवढुसं पाणी उडून जाणारच. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वावगं वाटलं ते गावाच्या जमिनीवर. स्टेशनामागच्या घरांपासून टाकीपर्यंत भुसा दबला होता. बोटाच्या रुंदीचीही नसेल अशी एक फिकट रेघ. शेजारचा भुसा भुसभुशीत, आणि रेघेत तो घोटून गुळगुळीत झालेला. आपल्या गावाबाहेर विहिरीकडे जाणारी वाट दिसते ना, तशी.

"आत्या, ही पायवाट फार छान केलीस," मी म्हटलं.

आत्या कोठीला पांढरा रंग देत होती. "कोणती?" ती म्हणाली.

४

मुंग्या. दुष्काळात मुंग्या पाण्यासाठी कुठेही जातात. मी ओळीने मुंग्या जाताना पाहिल्या नव्हत्या, पण त्यांना काय, आपण नसताना जात असतील. मी वाटेवर नवा भुसा पसरला, चमच्याने दाबला, टेबलाच्या पायांभोवती गॅमेक्सिनची पांढरी पूड टाकली आणि दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दुपारी पुडीवर एकही मुंगी मेलेली नव्हती. वाट जुन्या जागी परत पडली होती.

गाडीच्या धक्क्याने भुसा सरकत असेल. मी गाडी न चालवता दोन दिवस तसेच जाऊ दिले. वाट आणखी पक्की झाली. तिला फाटा फुटला. रुळांच्या पलीकडे, कोठीजवळ, आत्याने नुकतीच दोन घरं बसवली होती. त्या घरांपासूनही वाट निघाली होती.

मी खाली वाकून, गाल टेबलाला टेकवून पाहिलं. त्या नव्या घरांपासून टाकी सरळ समोर, मधे फक्त रूळ. मुंगी असती तर सरळ रुळांवरून गेली असती. पाण्याच्या वासावर निघालेली ती आडवाट घेत नाही. ही वाट रुळांच्या कडेकडेने लांब गेली होती, फुलीच्या पाटीपर्यंत. तिथे तिने रूळ ओलांडले होते आणि मग पुन्हा तेवढीच मागे येऊन टाकीपाशी पोचली होती. पाटीच्या अलीकडे भुसा जास्त दबलेला होता, गोल, पसरट. एका जागी पुष्कळ वेळ, पुष्कळ जणांनी उभं राहावं तसा.

गाडी जाऊ देण्यासाठी.

मी गाडी बंद ठेवली होती, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

वाक्यात 'त्यांना' आलं हे माझ्या लक्षात आलं, आणि मी चिडले. माझ्यावरच. बॅटरीची वायर काढून मी अंगणात उन्हात जाऊन उभी राहिले.

५

पाळत ठेवायची ठरवून मी जेवणानंतर एकटीच वखारीत बसले. आत्याला ताप होता. छताच्या फटीतून उन्हाच्या पट्ट्या गावावर पडल्या होत्या. पत्रा तडतडत होता. थोड्या वेळाने तो आवाज कानाला सवयीचा झाला आणि त्याच्या खालचा दुसरा ऐकू आला.

डुब्. मग थांबून, पुन्हा डुब्. आडात पोहरा बुडताना येतो तो आवाज, पण इतका बारीक की तो कानात आहे की खोलीत, हे ठरवता येईना.

मी टाकीकडे पाहिलं. काही हलत नव्हतं. पाण्यावर मात्र एक गोल वलय उमटून काठाला लागत होतं. मी श्वास धरला. वलय विरलं, आवाज थांबला. माझ्याकडे कुणीतरी बघतंय असं वाटलं नाही. माझ्या जाण्याची कुणीतरी वाट बघतंय, एवढंच वाटलं.

मी मान वळवली. मुद्दामच. भिंतीवरची पोस्टकार्डं वाचल्यासारखं केलं. मागे डुब् झालं. पुन्हा वळले, तेव्हा पाणी निवांत होतं आणि स्टेशनामागच्या पहिल्या घराचं दार किलकिलं होतं. ते दार पुठ्ठ्याचं. मी स्वतः खळीने चिकटवलेलं.

आत्याच्या उशाशी जाऊन मी सगळं सांगितलं. फिजिक्सवाल्या मुलीने असं काही सांगायला जीभ जड होते. आत्याने मधे एकदाही विचारलं नाही.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"गाव हाय ते. पाण्याला जाणारच."

"कोण आहेत?"

"मी बघत न्हाई. बाया पाणी भरताना टक लावून बघत असतात का कुणी?" तिने कूस बदलली. "त्यात माझा मल्लू हाय का न्हाई, तेबी मला सांगू नको. आज पाणी घातलंस?"

"घातलं."

"मग झालं."

मला भीती वाटत होती, हे खरं. पण या बाईने वाळक्या धाटांचं असं गाव केलं की त्यात कुणीतरी राहायला आलं, याचं जे वाटत होतं, ते भीतीहून मोठं होतं.

६

नव्या जिल्ह्याचं पहिलं प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात भरलं. अप्पांना आमचं टेबल न्यायची लाज वाटत होती. बियाणं, पाणबुड्या पंपांचे नमुने, आणि त्यात बहिणीचं खेळणं. पण पहिल्याच दिवशी आमच्यापुढे इतकी गर्दी झाली की पंपवाले आपलं दुकान सोडून गाडी बघायला आले.

मी गाडी चालवत होते. आत्या खुर्चीत बसून, तांब्या मांडीवर घेऊन, अधूनमधून टाकीत पळी ओतत होती. पुरुष इंजिनाबद्दल विचारत. किती वेगात जाते, बॅटरी कोणती. बाया इंजिनाकडे बघतच नव्हत्या.

चाकूरकडून आलेली एक म्हातारी, साखराबाई नाव सांगितलं तिने, डोक्यावर चुंबळ तशीच ठेवून टेबलाला खेटून उभी राहिली. टाकीपासून घरांपर्यंत तिने हवेत बोट फिरवलं.

"लई लांबून पाणी आणतेत गं ह्या," ती म्हणाली.

"कोण?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मग आत्याला म्हणाली, "बाई, टाकी आटू देऊ नका. आमची हीर आटली तवा वाट गावाकडून फिरली. पाणी आसंल तिकडं ती जाती."

"न्हाई आटू देणार," आत्या म्हणाली.

शेवटच्या दिवशी एक मोठे साहेब आले. गाडीला तीन फेऱ्या मारायला लावल्या, टेकडीचा लगदा बोटाने चाचपला, आणि म्हणाले की अशी वस्तू घरात ठेवण्यासारखी नाही. नव्या कचेरीच्या हॉलमध्ये ती कायमची मांडू. खाली आत्याच्या नावाची पाटी लावू. अप्पांनी आत्याला विचारलंही नाही. हात जोडून होकार दिला.

७

"रुखवत काय माहेरी परत येत असतं का, अक्का?" टेबल कचेरीत नेऊन ठेवल्यावर अप्पा रात्रीच्या जेवणावर म्हणाले. "मांडलं की ते सासरी जातं. हा तुझाच नेम. आख्ख्या जिल्ह्यात नाव झालं तुझं."

"तिथं पाणी कोण घालील?" आत्याने विचारलं.

"शिपाई असतो."

"हॉलला कुलूप लावलंय, अप्पा," मी म्हटलं. "उद्घाटन होईपर्यंत उघडणार नाहीत. किल्ली साहेबांकडं, साहेब दौऱ्यावर. मी विचारून आले. तुम्ही विचारलं होतं का?"

"एका डबीतल्या पाण्यासाठी साहेबाला परत बोलवू?"

"हो."

"तुला शिकवलं तेच चुकलं," ते म्हणाले आणि ताटावरून उठले.

आत्याने ताटाशेजारचा पाण्याचा तांब्या सरकवून माझ्याकडे केला. "मला नको," ती म्हणाली. शांतपणे, कुणावर रागावल्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशीही तिने पाणी घेतलं नाही. अव्वाने विनवण्या केल्या, अप्पांनी आवाज चढवला. तिचं उत्तर एकच. "तिकडं पळीभर पडू द्या, मग पिते." अंगातला ताप पुरता उतरला नव्हता. ओठांना भेगा पडल्या होत्या. वैशाखातल्या लातुरात तापाचं माणूस पाण्याशिवाय किती टिकतं, हे सांगायला फिजिक्स लागत नाही.

त्या दिवशी दुपारी मी माठातून बाटली भरून घेतली आणि कचेरीकडे निघाले. कुलूप फोडायची वेळ आली तर फोडायचं, एवढं ठरवून.

८

नवी इमारत गावाच्या कडेला, मोठ्या रस्त्यापलीकडे. आवारात चिटपाखरू नव्हतं. वॉचमन सावलीत चेहऱ्यावर गमछा टाकून झोपला होता. मी हॉलच्या खिडकीपाशी गेले, काचेवरची धूळ पुसली आणि डोळे लावले.

गाव टेबलावर होतं. स्टेशन, कोठी, टेकडी, सगळं जागच्या जागी आणि इतकं देखणं की काचेआडूनही क्षणभर मला अभिमान वाटला. मग मला घरांची दारं दिसली. सगळी उघडी होती.

बांधकामाची बारीक पांढरी धूळ हॉलच्या फरशीवर सायीसारखी बसली होती. तीवर माणसाचं पाऊल नव्हतं. टेबलाच्या पायापासून मात्र एक वाट निघाली होती. बोटभर रुंद, घोटलेली, कुठेही न अडखळलेली. हॉल ओलांडून ती दाराच्या फटीखाली गेली होती.

मी दाराकडे आले. पायरीवर ती होती. पायरीखालच्या मातीत ती होती. वॉचमनच्या पायांना वळसा घालून, भिंतीच्या सावलीने ती फाटकापर्यंत गेली होती. बाटली हातात धरून मी तिच्या शेजारून चालत राहिले. तिच्यावर पाय पडू नये याची काळजी घेत, आणि ती कुठे संपते हे दिसू नये असं मनात म्हणत.

ती मोठ्या रस्त्याच्या कडेला संपली. पलीकडे गोलाईकडे जाणारी गल्ली, आणि त्या गल्लीत आमचं घर, आमचा माठ.

डांबराच्या अलीकडे माती दबलेली होती. ताटाएवढी, गोल, पसरट. रस्त्यावरून मालट्रक एकामागून एक धडधडत होते, मधे हाताएवढी फट राहत नव्हती. गोलाच्या एका कडेची माती माझ्या डोळ्यांदेखत थोडी सरकली. मागच्याने पुढच्याला जागा करून द्यावी तशी.

मी वर बघितलं. त्यानंतर खाली बघितलं नाही.

मग मी रस्त्यात उतरले आणि दोन्ही हात पसरले.

पहिला ट्रक हॉर्न वाजवत मला चुकवून गेला. मागून निलंग्याची एसटी येत होती. ड्रायव्हरने असा ब्रेक दाबला की बस माझ्यापुढे हातभर अंतरावर थांबली. तिच्या मागचे ट्रक थांबले. दुसऱ्या बाजूचे, काय झालं बघायला म्हणून, थांबले.

"ओ ताई, मरायचंय का?" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला.

"जरा थांबा."

"कशाला? कोण हाय?"

"थांबा म्हणते ना."

मागे हॉर्न सुरू झाले. कंडक्टर घंटी वाजवत होता. ड्रायव्हर शिवी देण्यासाठी खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकला आणि त्याची नजर माझ्या पायांपुढच्या डांबरावर गेली. तोंड उघडं राहिलं. मग त्याने हळूच डोक्यावरची टोपी काढली, हात आत नेला आणि इंजिन बंद केलं.

त्या शांततेत मला भांड्याला भांडं लागल्याचा आवाज आला. अगदी बारीक, माझ्या चपलेच्या अंगठ्याजवळून. माझे हात भरून आले होते, मी ते खाली घेतले नाहीत.

"ताई," ड्रायव्हर दबक्या आवाजात म्हणाला, "अजून लई हायेत का?"

"हाव," मी समोर बघत म्हटलं. "थांबा."